एका काळजाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं काय?

गव्हाणच्या मटणवाल्याकडे काळीज मागितलं की तो यकृत तोलून देतो. दुकानाबाहेर मात्र कुणाचं काळीज तुटतं, कुणाचं धडधडतं, कुणाचं पाणी पाणी होतं, तेव्हा सगळे हृदयच समजतात. शब्दाचा हा घोळ मला चाळिशी ओलांडेपर्यंत कधी खटकला नव्हता. 2023 च्या पावसाळ्यात मुलीच्या पोटाच्या सोनोग्राफीचा कागद हातात आला, तेव्हा खटकला. पंधरा वर्षं आम्ही सगळं घर एका काळजाकडे डोळे लावून बसलो होतो. बिघडत होतं दुसरं.

मी गावातली अंगणवाडी सेविका. माझं लिहिणं म्हणजे रजिस्टर, वजनाचे तक्ते आणि मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर. पेपरात लिहायची पहिलीच वेळ. मुलीला विचारून लिहितेय. नाव घालायचं नाही एवढीच तिची अट.

तिचा जन्म जून 2008 चा. रडली की ओठ काळेनिळे, दूध ओढताना कपाळावर घाम. "जांभळं खाल्ल्यागत दिसते गो," असं सासूबाई कौतुकाने म्हणायच्या. पनवेलच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि त्याच दिवशी मुंबईची चिठ्ठी लिहून दिली. हृदयाच्या उजव्या बाजूला वरच्या कप्प्यातून खालच्यात रक्त सोडणारी झडपच तयार झालेली नव्हती. नाव लक्षात ठेवायला मला आठवडा लागला: ट्रायकस्पिड अट्रेझिया. झडप नाही म्हणून खालचा उजवा कप्पा वाढलेला नाही, आणि सगळ्या शरीराचा भार एका डाव्या कप्प्यावर. कोरोनात सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र आलं. आमच्या घरात ते आकडे त्याआधी दहा वर्षं बोलले जात होते. आज 74 आहे, आज 71 आहे, झोपेत बघू नका.

पहिलं ऑपरेशन अकराव्या महिन्यात, 2009 साली झालं. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडातला आमच्या वाटणीचा तुकडा त्यात गेला. सिडकोने शेतं घेतली त्याच्या बदल्यातला तो तुकडा. गावात कुणी त्यावर बंगला बांधला, कुणी स्कॉर्पिओ घेतली. आमचा मुलीच्या छातीत आहे, असं माझे मिस्टर अजून म्हणतात. दुसरं ऑपरेशन डिसेंबर 2012 मध्ये. त्याच वर्षी 2 जुलैला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती आणि नशिबाने रायगड त्या आठांत होता. केशरी रेशनकार्ड, दीड लाखाची मर्यादा, टेबलामागे बसलेला आरोग्यमित्र. त्याने कागदांवर शिक्का मारला तो आवाज मला अजून आठवतो. सरकारच्या नावाने बोटं मोडणारी मी नव्हे. ती योजना नसती तर मुलगी नसती.

या दुसऱ्या ऑपरेशनला फॉन्टन म्हणतात. ते झाल्यावर छातीत दोन नळ्या 19 दिवस होत्या, पाणी थांबेना म्हणून साय काढलेलं दूध आणि बिनतेलाचं वरण. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळट दिसले. एसजीपीटी नावाचा आकडा, जो चाळिसाच्या आत हवा, तो काही शेंवर गेला होता. भेटीच्या वेळेत आलेल्या शेजारणीने माझ्या कानात सांगितलं, "बाय, काविळीची माळ घाल गो तिच्या गल्यान." डॉक्टरांनी सांगितलं ते वेगळं: ऑपरेशनच्या वेळी आणि नंतरच्या एकदोन दिवसांत रक्ताचा पुरवठा कमी पडला की यकृताला धक्का बसतो, हृदय सावरलं की तेही सावरतं. तसंच झालं. दहा दिवसांत आकडा उतरला, डोळे पांढरे झाले. यकृताचं प्रकरण तिथेच मिटलं असं आम्ही धरून चाललो, आणि चूक तिथेच झाली. तो धक्का तात्पुरता होता. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होणार होती, आणि तिला ना पिवळे डोळे असतात, ना दुखणं.

ती मला डॉक्टरांच्या आकृतीपेक्षा माझ्या वडिलांच्या उघाडीवरून नीट कळली. आमच्या खारजमिनीच्या बांधाला लाकडी झडपेची उघाडी होती. ओहोटीला शेतातलं पाणी तिच्यातून खाडीत उतरायचं. भरती आली की पाण्याच्या रेट्याने झडप आपोआप मिटायची. उधाणाची भरती आणि वरून धो धो पाऊस एकदम आले की पाणी अडायचं. एक दिवस अडलं तर भाताला काही होत नाही. पण खाडीकडची पातळी उतरलीच नाही तर? बाबा संध्याकाळी बांधावर उभे राहून फक्त तेवढंच बघत. विमानतळाचा भराव झाल्यावर डुंगीसारख्या गावांत पावसाचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पाण्याची वाट बुजली की ते मागे तुंबतं.

चांगल्या हृदयात उजवा कप्पा ओहोटीचं काम करतो. अंगभर फिरून आलेलं रक्त तो फुप्फुसांकडे ढकलत राहतो, म्हणून मोठ्या शिरांमधला दाब कमी असतो, 5 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. फॉन्टनमध्ये तो कप्पा वाटेतून काढलेलाच असतो. पोटाकडून आणि पायांकडून येणारी मोठी शीर फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडून देतात. मध्ये ढकलणारं कुणी नाही, तेव्हा रक्त पुढे सरकायचं तर शिरांतला दाबच वाढून राहावा लागतो. तो 10 ते 15 पर्यंत जातो आणि जन्मभर तसाच राहतो. यकृत नेमकं त्या शिरेच्या काठावर आहे. त्याला मिळणाऱ्या रक्तातलं तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून, मुळातच मंद दाबाने येतं. समोर कायमची भरती, मागून संथ पाणी. यकृत फुगून राहतं, पेशींभोवती तंतू धरतात आणि वर्षागणिक ते जून दोडक्यासारखं निबर होत जातं.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात फ्रान्सिस फॉन्टन यांनी हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं ते 1968 साली, माझ्या मुलीला आहे त्याच आजारावर. छापून जगापुढे आलं ते 1971 मध्ये. त्याच 1968 च्या फेब्रुवारीत परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं होतं. तो रुग्ण काही तासच जगला. फॉन्टनची मुलं मात्र जगली. 2018 च्या सुमाराला जगात अशी 50 ते 70 हजार माणसं असावीत असा अंदाज होता. ती जगली, मोठी झाली, म्हणूनच यकृताचा प्रश्न दिसला. ऑपरेशनला दहा वर्षं झालेल्यांच्या यकृताचा तुकडा तपासला तर जवळपास प्रत्येकात कमीजास्त तंतू सापडतात. काहींची गाडी सिरोसिसपर्यंत जाते. अगदी थोड्यांना ऐन तारुण्यात यकृताचा कर्करोग होतो.

दोन काळजांचं नातं उलट्या बाजूनेही आहे, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्या ऑपरेशननंतर वरच्या अंगाचं रक्त थेट फुप्फुसांत जातं, यकृताकडचं जात नाही. अशा मुलांच्या फुप्फुसांत काही वर्षांनी रक्ताच्या आडवाटा तयार होतात आणि ऑक्सिजन घसरतो. दुसऱ्या ऑपरेशनने यकृताचं रक्त फुप्फुसांना मिळू लागलं की पुष्कळदा त्या आडवाटा मिटतात. यकृत रक्तातून असं काही पाठवतं जे फुप्फुसांना लागतं. आमची 85 वरून 77 वर आली होती, त्याचं हेही एक कारण असेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ज्या यकृताने तिला हात दिला, त्याच्याकडेच पुढची दहा वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

ज्यांच्या मुलांच्या हृदयाचं साधं भोक बुजवलंय त्यांनी हे वाचून धसका घेऊ नये. त्यांच्या वाट्याला सहसा हे येत नाही. हे मुख्यतः एकाच कप्प्यावर चालणाऱ्या हृदयांचं दुखणं आहे. शिवाय ज्यांचा उजवा कप्पा ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं थकत जातो त्यांचं.

2023 च्या ऑगस्टमध्ये तिला ताप आला. उलव्यापासून गव्हाणपर्यंत घरोघरी डेंगी होता, म्हणून रक्त तपासलं. डेंगी नाही, पण प्लेटलेट 96 हजार. पपईच्या पानांचा रस आणून देणारे चार जण दारात उभे. ताप उतरला, महिन्याने पुन्हा तपासलं तर 1 लाख 2 हजार. गल्लीत नुकताच दवाखाना टाकलेला एक तरुण डॉक्टर होता. त्याने तिला झोपवून डाव्या बरगडीखाली बोटं दाबली, श्वास घ्यायला लावला, पुन्हा दाबली. मग तिच्या छातीवरच्या व्रणाकडे पाहिलं.

"ताई, हिचं फॉन्टन झालंय का?"

"हो."

"पोटाची सोनोग्राफी शेवटची कधी केली?"

मी म्हटलं, टूडी इको दरवर्षी करतो. तो म्हणाला, "इको नाही, पोटाची." कधीच नाही. पानथरी वाढली होती. यकृतातून रक्त नीट पुढे जात नाही तेव्हा पानथरी फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. सोनोग्राफीच्या कागदावर यकृत खरबरीत असल्याचं लिहिलं होतं, पानथरी 14.5 सेंटीमीटर. आणि एसजीपीटी? 31. अगदी नॉर्मल. रक्ताचा जो आकडा बघून आम्ही 2012 मध्ये घाबरलो आणि नंतर निर्धास्त झालो, तो या आजारात कित्येकदा शेवटपर्यंत गप्प राहतो. यकृताच्या तज्ज्ञांनी यकृताचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन केलं, त्यात 22 आलं. मी घाबरले तर ते म्हणाले, यातला काही कडकपणा तुंबलेल्या रक्ताचा आहे, काही तंतूंचा. एका आकड्यावर विसंबू नका, दर सहा महिन्यांनी तुलना करत राहू. सुरुवातीला ती तुलना करायला जुना आकडाच नव्हता. पाचव्या, आठव्या, दहाव्या वर्षीचं एकही चित्र आमच्याकडे नाही. कोऱ्या वहीवरून मूल किती वाढलं ते कसं सांगणार? वजनाच्या तक्त्यात दोन महिन्यांची रिकामी जागा दिसली तर मला पर्यवेक्षिका जाब विचारतात.

ज्या रुग्णालयाने मुलगी वाचवली त्याच्याविरुद्ध मला बोलायचं नाही. 2012 साली डिस्चार्ज कार्डावर यकृताचा उल्लेख नव्हता, पण तेव्हा जगातही ही गोष्ट नुकती नुकती लक्षात येत होती. अमेरिकन हार्ट असोसिएशनने फॉन्टनच्या रुग्णांबद्दलचं सविस्तर निवेदन काढलं ते 2019 साली, आणि यकृताची नियमित तपासणी त्यात स्पष्ट सांगितली. माझा प्रश्न त्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे. दरवर्षी आम्ही इकोला जात होतो. कुणी तरी एका ओळीत लिहायला हवं होतं: पोटाची सोनोग्राफी, प्लेटलेट, ए.एफ.पी. (यकृताच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी), हिपॅटायटिस अ आणि ब च्या लसी झाल्या का. यातली अ ची लस सरकारी वेळापत्रकात नाही, ती आम्ही पंधराव्या वर्षी विकत घेऊन दिली. निबर होत चाललेल्या यकृताला साध्या पाण्यातून येणारी कावीळही झेपत नाही, आणि आमच्याकडे पहिल्या पावसात नळाला कसलं पाणी येतं ते गव्हाणच्या बायांना विचारा.

आता माझ्या स्वतःच्या वहीबद्दल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झाला, तोही आपल्याच राज्यातून, पालघरला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पथक वर्षातून दोनदा माझ्या अंगणवाडीत येतं, नखं बघतं, छाती ऐकतं. काम चांगलं आहे. माझ्या डोळ्यांदेखत तीन मुलांची हृदयं त्यातून सापडली. त्यातला एक मुलगा माझ्या मुलीसारखाच, एका कप्प्याचा. परभणीकडचं कुटुंब, बाप कंटेनर यार्डात कामाला, भाड्याची खोली. 2019 मध्ये त्याचं ऑपरेशन झालं. पेढे आले. मी रजिस्टरात लाल शाईने लिहिलं, 'शस्त्रक्रिया यशस्वी', आणि पान उलटलं. मुलीची सोनोग्राफी झाली त्या रात्री मला तो आठवला. वरच्या रकान्यातल्या नंबरवर फोन लावला, बंद. घरमालकाला विचारलं, कोरोनात खोली सोडून गेले. तो मुलगा आता कुठे असेल, कुठल्या इयत्तेत असेल, त्याच्या पोटावर कुणी हात ठेवला असेल का, मला माहीत नाही. स्वतःच्या घरात हा आजार असून मी ते पान बंद केलं, तर बाकीच्यांना काय बोल लावू?

म्हणून म्हणते, ते पान बंद होता कामा नये. योजनेतून ऑपरेशन झालं की त्या मुलाचा एक नंबर तयार होतो. तोच नंबर पुढच्या तपासण्यांना का चालू नये? आता मर्यादा 5 लाखांवर गेली आहे, पण ती वापरायला आधी खाटेवर पडावं लागतं असाच सगळ्यांचा समज, आणि आमच्यासारख्यांचा अनुभवही. सोनोग्राफीला भरती व्हावं लागत नाही, म्हणून तिचे पैसे आम्ही खिशातून भरतो. लाखभराचं ऑपरेशन फुकट आणि हजार-बाराशेची तपासणी चुकते, कारण त्या महिन्यात गॅस संपलेला असतो. मुलांची हृदयं एक रुपया न घेता दुरुस्त करणारं श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय इथून जवळ खारघरला आहे. अटल सेतू झाल्यापासून परळही टप्प्यात आलं, टोलचे 250 मोजायची तयारी असली तर. छाती उघडणारे हात आपल्या तालुक्यात आहेत. पोटावरून वर्षातून दोनदा यंत्र फिरवणं त्याहून कठीण आहे, हे मला कुणी पटवून द्यावं.

एका डॉक्टरांशी यावर बोलले. ते म्हणाले, ऑपरेशनच्या दिवशी आईबापांना यकृताचं सांगितलं तर निम्मे ऑपरेशनलाच नाही म्हणतील. खरं आहे. मलाही 2012 मध्ये सांगितलं असतं तर मी काय ऐकलं असतं, देव जाणे. पण ऑपरेशननंतर तेरा वर्षं होऊन गेली. त्यातल्या एखाद्या मंगळवारी सांगता आलं असतं.

न सांगितल्याने काय होतं, तेही सांगते. ती जागा दुसरं कुणी तरी भरतं. कोरोनात आमच्या आळीत गुळवेलीचा काढा उकळत नव्हता असं एक घर नव्हतं. मीही मुलीला पाजला, सकाळी अर्धा पेला, महिनाभर. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वादात कोण बरोबर ते मोठ्यांनी ठरवावं. ज्या पोरीचं यकृत आधीच तुंबलेलं आहे तिला कुठलाही पाला उकळून देऊ नये, एवढं मला कुणी आधी सांगितलं असतं तर पुरलं असतं. मुलग्यांची गोष्ट आणखी अवघड. आमच्याकडे हळदीच्या रात्री सोळा वर्षांच्या पोराच्या हातात दारूचा पेला देणारे काकाच असतात. छातीवर व्रण असलेल्या पोराला तर मुद्दाम देतात, घाबरतो का बघायला.

मुलगी यंदा बारावीला आहे. चालते, नाचते, दम लागला की बसते. यकृत दोन वर्षं जिथल्या तिथे आहे. येत्या जूनमध्ये तिला 18 पूर्ण होतील. नात्यातल्या बायकांनी आत्ताच लग्नाचं विचारायला सुरुवात केलीय. अशा हृदयाला बाळंतपण किती महाग पडू शकतं हे त्यांना एकेकीला बाजूला घेऊन सांगावं लागतं. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या हिशेबात ती त्या दिवशी संपेल. मुलांच्या हृदयाचे डॉक्टर तिला जन्मापासून ओळखतात, पण त्यांची ओपीडी मुलांची. मोठ्यांच्या ओपीडीत बायपासवाल्या आजोबांची रांग. तिथल्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात तिचा इको चार मिनिटं निरखून विचारलं, उजवा कप्पा कुठाय?

पुढची सोनोग्राफी जुलैत आहे. केसपेपर काढताना खिडकीतल्या बाईने तारीख मोजली आणि थांबली. तेव्हा ही अठराची झालेली असणार, मग पेपर लहान मुलांच्या खिडकीवर काढायचा की मोठ्यांच्या? तिने आत जाऊन विचारलं, आतल्यांनी वर फोन लावला. आम्ही बाकावर बसलो. मुलीने पिशवीतून बाटली काढली, दोन घोट पाणी प्यायली आणि म्हणाली, "आये, दोन्ही रांगांत उभी राहू. तू त्या, मी या. जिचा नंबर आधी लागंल तिनं दुसरीला हाक मारायची."